हार्ट अटॅकने महादेवभाई एका सकाळी गेले, कस्तुरबा मात्र महिनोन् महिने झुंजत राहिल्या

हार्ट अटॅक म्हटलं की आपल्याला सिनेमातला बाप आठवतो. छातीला हात लावला, घाम फुटला, धाडकन खाली. त्या जागी आई कधी दिसत नाही. पण देशातल्या एका अतिशय प्रसिद्ध बाईला हृदयविकारानेच गाठलं होतं, तेही पुण्यात आणि कैदेत. त्या म्हणजे कस्तुरबा गांधी.

जन्म 1869 चा, पोरबंदरचा. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न. 1913 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रह करून तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली. 1936 नंतर गांधीजींचा मुक्काम वर्ध्याजवळ सेवाग्रामला हलला आणि बा विदर्भाच्या झाल्या. मुंबईहून वर्ध्याला जाणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातूनच जाते.

9 ऑगस्ट 1942. गांधीजींना पहाटेच अटक झाली. संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांची सभा होती. बांनी जाहीर केलं की त्यांच्या जागी मी बोलणार. मग काय, त्यांनाही उचललं. सोबत डॉ. सुशीला नय्यर होत्या. आधी आर्थर रोड तुरुंग, मग पुण्याचा आगाखान पॅलेस.

तिथे सहाव्याच दिवशी, 15 ऑगस्टला, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई हार्ट अटॅकने गेले. वय फक्त 50. सकाळी चालते-बोलते होते. आपल्या डोक्यातला हार्ट अटॅक हा असाच असतो.

बांचं तसं झालं नाही. 1943 मध्ये हृदयाचा त्रास सुरू झाला आणि वाढतच गेला. जानेवारी 1944 मध्ये दोन झटके आले. रात्री आडवं पडलं की श्वास कोंडायचा, झोप लागायची नाही. म्हणून गांधीजींनी एक छोटं लाकडी मेज करून घेतलं. ते अंथरुणावर ठेवायचं आणि बांनी बसल्या बसल्या त्यावर हात टेकून डोकं ठेवायचं.

असं का होतं? हृदय कमजोर झालं की ते रक्त पुरेसं पुढे ढकलू शकत नाही. आडवं झाल्यावर पायांकडचं रक्त छातीकडे परततं, फुफ्फुसात पाणी साठतं आणि दम लागतो. उठून बसलं की जरा बरं वाटतं. त्यामुळे घरातली बाई झोपायला दोन-तीन उशा मागायला लागली, तर ते नुसतं वय झाल्याचं लक्षण समजू नका. बायकांनाही अटॅकमध्ये छातीत दुखतं, पण त्याबरोबर धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, विनाकारण थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. पाळी थांबल्यावर धोका वाढतो. आपल्याकडे मात्र हे सगळं पित्ताच्या नावावर खपतं, सोडा नाहीतर ओवा दिला जातो आणि बाई पुन्हा शेतात. अशा वेळी 108 ला फोन करून ईसीजी काढायला हवा.

बांजवळ डॉक्टर होते, हे खरं. सुशीला नय्यर होत्याच, शिवाय मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर, तेही कैदीच! पण तेव्हा ना अँजिओप्लास्टी होती, ना बायपास. बांना आयुर्वेदिक उपचार हवे होते. लाहोरचे वैद्य शिव शर्मा आले, पण रात्री आत थांबायची परवानगी नाही. बिचारे फाटकाबाहेर गाडीत झोपले. शेवटी न्यूमोनिया झाला. मुलगा देवदास यांनी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन मागवलं. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजींनी नकार दिला. यावर आजही वाद होतो. त्या औषधाने न्यूमोनिया कदाचित आटोक्यात आला असता, थकलेलं हृदय मात्र नाही.

22 फेब्रुवारी 1944, महाशिवरात्र. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास गांधीजींच्या मांडीवर बांनी प्राण सोडला. वय 74. पॅलेसच्या आवारात महादेवभाईंच्या शेजारीच त्यांची समाधी आहे.

ते लाकडी मेज गांधीजींनी जवळच ठेवलं. पुढे ते त्यावरच जेवायचे.