सभागृहाची नाडी मोजणारे सॅबिन

चित्रपटगृहाची ध्वनियंत्रणा जुळवताना तंत्रज्ञ रिकाम्या खुर्च्यांमध्ये, बसलेल्या प्रेक्षकाच्या कानाच्या उंचीवर, मोजमापाचा मायक्रोफोन उभा करतो. पडद्यामागच्या एकेका स्पीकरमधून धबधब्यासारखा सलग आवाज सोडतात आणि प्रत्येकाची पातळी ८५ डेसिबलवर आणून ठेवतात. पण एवढ्याने संवाद स्पष्ट कळतीलच असे नाही. भिंतींवर आपटून आवाज रेंगाळत राहिला, तर एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. हे रेंगाळणे मोजता येते आणि कमीही करता येते, हे दाखवून दिले वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांनी. गंमत म्हणजे त्यांचे मोजमापाचे साधन होते स्वतःचे कान.

सॅबिन यांचा जन्म १८६८ सालचा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. अठराव्या वर्षी पदवी घेऊन ते हार्वर्ड विद्यापीठात आले आणि तिथेच भौतिकशास्त्र शिकवू लागले. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या नव्या फॉग कलासंग्रहालयातले व्याख्यानगृह सुरू झाले. इमारत देखणी, पण व्याख्यात्याचे बोलणे कुणाला कळेना. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी दुरुस्तीचे काम या तरुण प्राध्यापकावर सोपवले.

सॅबिन यांनी आधी निदान करायचे ठरवले. रात्री रहदारी थांबली की ते कामाला लागत. ऑर्गनची एक नळी वाजवायची, थांबवायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंतचा वेळ नोंदवायचा. रिकाम्या व्याख्यानगृहात तो साडेपाच सेकंदांहून जास्त भरला. तेवढ्या वेळात वक्ता दहा-पंधरा शब्द सहज बोलून जातो. मग जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, थोड्या थोड्या मांडत पुन्हा मोजायचे आणि सकाळपर्यंत जागच्या जागी नेऊन ठेवायच्या. सगळ्या गाद्या आल्यावर तोच वेळ जेमतेम सव्वा सेकंदावर आला.

माणसाचे शरीर आणि कपडेही आवाज शोषतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून मोजमाप करताना अंगावर कोणते कपडे आहेत, याचीही ते काळजी घेत. रुग्णाचा रक्तदाब घेताना तो नुकताच जिना चढून आला आहे का, हे आम्ही विचारतो, तशातलाच हा प्रकार.

आवाज शोषण्याचे मापही त्यांनी साधेच निवडले: उघडी खिडकी. तिच्यातून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे गादी, गालिचा किंवा माणूस किती उघड्या खिडकीइतका आवाज शोषतो, ते मोजायचे. त्यातून १८९८ मध्ये सूत्र हाती लागले. खोलीचे आकारमान वाढले की आवाज जास्त वेळ रेंगाळतो, शोषणारे पृष्ठभाग वाढले की कमी. सभागृह बांधण्याआधीच कागदावर हिशेब करणे आता शक्य झाले. त्याच आधाराने बॉस्टनचे सिम्फनी हॉल उभे राहिले आणि १९०० मध्ये सुरू झाले. जगातल्या उत्तम संगीतगृहांत आजही त्याची गणना होते.

त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. पत्नी जेन केली या डॉक्टर होत्या. पुढे पहिल्या महायुद्धात सॅबिन यांनी विमानविषयक कामाला वाहून घेतले आणि स्वतःच्या दुखण्याकडे दुर्लक्ष केले. मूत्रपिंडाच्या संसर्गावरच्या शस्त्रक्रियेनंतर, १० जानेवारी १९१९ रोजी, अवघ्या पन्नासाव्या वर्षी ते गेले. प्रतिजैविके तेव्हा यायची होती आणि बोलपटही. मात्र बोलपट आले तेव्हा चित्रपटगृहातला घुमणारा आवाज आवरण्याचे शास्त्र तयार होते.

मला सॅबिन आठवतात ते बाह्यरुग्ण विभागात. उंच छत, फरशी लावलेल्या भिंती आणि शंभर माणसांचा कलकलाट. नाव पुकारले तरी आजोबांना कळत नाही आणि घरचे म्हणतात, डॉक्टर, यांना ऐकूच येत नाही हो. तेच आजोबा आत लहान खोलीत, दार लावून बसवले की व्यवस्थित उत्तरे देतात. वयोमानाने कान थोडे मंदावलेले असतातच, पण उरलेला दोष खोलीचा असतो. स्पीकरचा आवाज वाढवून तो जात नाही, कारण आवाजाबरोबर त्याचे घुमणेही वाढते.

घरात मोकळ्या खोलीत एक टाळी वाजवून पाहा. ती घुमत राहिली, तर जाड पडदे, सतरंजी, गादीच्या खुर्च्या यांनी फरक पडतो. टीव्ही बंद करून, समोर बसून बोला. तरीही शांत खोलीत समोरच्याचे बोलणे कळत नसेल, तर मात्र कानांची तपासणी टाळू नका. निदान आधी, उपाय नंतर, हा क्रम खोलीला लागू आहे तसाच कानालाही.