सोने आणि खापर

ट्रॉयच्या युद्धाची कथा ग्रीक लोकांत फार प्राचीन काळापासून चालत आलेली आहे. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने स्पार्टाची राणी हेलन हिला पळवून नेले. तिच्यासाठी मायसीनीचा राजा अ‍ॅगमेम्नॉन ग्रीक वीरांसह समुद्र ओलांडून आला. आणि दहा वर्षांच्या वेढ्यानंतर वृद्ध प्रायम राजाची ती वैभवशाली नगरी अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडली. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याला याच युद्धाची पार्श्वभूमी आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक विद्वान ही सारी कविकल्पना समजत. परंतु एका मनुष्याने होमरचा शब्द अक्षरशः खरा मानला आणि हाती कुदळ घेतली. त्याचे नाव हाइनरिख श्लीमान. तो विद्यापीठातील पंडित नव्हता; किराणा मालाच्या दुकानात मीठ-साखर विकून वर आलेला व्यापारी होता.

उत्तर जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात नॉयबुको या गावी ६ जानेवारी १८२२ रोजी श्लीमानचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते. तो नऊ वर्षांचा असताना आईचे छत्र हरपले, घरची स्थिती खालावली, शिक्षण अर्धवट राहिले आणि चौदाव्या वर्षी तो दुकानात उमेदवारीस लागला. बालपणी एका इतिहासाच्या पुस्तकात जळत्या ट्रॉयचे चित्र पाहून आपण ती नगरी शोधण्याचा निश्चय केला, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. त्याच्या आत्मवृत्तातील काही गोष्टी मागाहून रचलेल्या आहेत, असे संशोधकांस आढळून आल्याने ही हकीकतही जपूनच स्वीकारावी लागते.

त्याची चिकाटी मात्र निःसंशय खरी होती. १८४१ मध्ये व्हेनेझुएलाकडे निघालेले त्याचे जहाज हॉलंडच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि तो अ‍ॅम्स्टरडॅमला कारकुनी करू लागला. तुटपुंज्या पगारात त्याने एकामागून एक भाषा आत्मसात केल्या. मोठ्याने वाचावे, रोज निबंध लिहावा, तो शिक्षकाकडून सुधारून घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी पाठ म्हणून दाखवावा, ही त्याची पद्धत. रशियन भाषा येत असल्यामुळे १८४६ मध्ये पेढीने त्याला सेंट पीटर्सबर्गला पाठविले. तेथे निळीच्या व्यापारात त्याचे भाग्य उजळले. त्या काळी युरोपात जाणाऱ्या निळीचा फार मोठा भाग आपल्या बंगाल-बिहारमधून जात असे. कॅलिफोर्नियात सोन्याच्या भुकटीची खरेदी-विक्री करून आणि क्रिमियाच्या युद्धकाळात युद्धोपयोगी माल विकून त्याने अमाप द्रव्य मिळविले. चाळिशी ओलांडल्यावर व्यापार आवरून, हिंदुस्थान, चीन, जपान पाहून, तो प्राचीन विद्येकडे वळला.

१८६८ मध्ये तो आशिया मायनरच्या किनाऱ्यावर, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीजवळ आला. ट्रॉय खरोखर होते असे मानणारे अभ्यासक त्याची जागा बुनारबाशी या गावाजवळ दाखवीत. श्लीमानने तेथे थोडे खोदून पाहिले. काही लागले नाही. तेव्हा तेथेच राहणारा इंग्रज गृहस्थ फ्रँक कॅल्व्हर्ट याने त्याला हिसारलिक नावाचे टेकाड सुचविले. त्या टेकाडाचा काही भाग कॅल्व्हर्टच्या मालकीचा होता आणि त्याने तेथे स्वतः थोडे उत्खननही केले होते. पुढे शोधाचे श्रेय वाटण्याची वेळ आली, तेव्हा श्लीमानचा हात आखडला. कॅल्व्हर्टवर हा अन्यायच झाला.

हिसारलिकचे टेकाड निसर्गनिर्मित नव्हते. कच्च्या विटांचे घर पडले की माती सपाट करून तिच्यावरच नवे घर उभे राहते. शतकानुशतके असे होत गेले म्हणजे वस्तीची जागाच उंचावते. आपल्याकडे ओसाड गावठाणाच्या अशा उंचवट्यास पांढरीचे टेकाड म्हणतात. अशा टेकाडात सर्वांत जुनी वस्ती तळाशी आणि सर्वांत अलीकडची माथ्यावर असते. म्हणून ते उकरताना थर जपून सोलावा लागतो आणि कोणती वस्तू कोणत्या थरात मिळाली याची नोंद ठेवावी लागते. नोंद चुकली की वस्तू हाती राहते, पण तिचा काळ हातून जातो.

श्लीमानला एवढा धीर नव्हता. होमरचे ट्रॉय फार पुरातन, तेव्हा ते तळाशीच असणार, असा त्याने तर्क बांधला. १८७१ ते १८७३ या काळात शंभर-दीडशे मजूर लावून त्याने टेकाडाच्या पोटातून सुमारे ४० मीटर रुंद आणि १७ मीटर खोल चर काढला. वाटेत आलेल्या भिंती ग्रीक-रोमन काळच्या समजून फोडून टाकल्या. खालच्या भागात त्याला जळक्या राखेचा थर, भक्कम तट आणि वेशीकडे जाणारा फरसबंद चढ दिसला. हेच प्रायमचे नगर, अशी त्याची खात्री झाली.

मे १८७३ च्या अखेरीस तटाजवळ तांब्याच्या भांड्यामागे सोने चमकले. सोन्याच्या सहस्रावधी बारीक कड्या-पाने गुंफलेले दोन शिरोभूषण, कर्णभूषणे, कंकणे, हजारो मणी, चांदीचे कलश, तांब्याची शस्त्रे आणि सुमारे ६०० ग्रॅम वजनाचे एक दोन मुठींचे सुवर्णपात्र, असा तो ठेवा होता. त्याने त्याला प्रायमचा खजिना असे नाव दिले. पत्नी सोफिया हिने हे दागिने आपल्या शालीत लपवून नेले, असे त्याने लिहिले; वस्तुतः ती त्या दिवसांत अथेन्सला होती. ठेव्याचा वाटा ऑटोमन सरकारला देण्याचे बंधन असताना त्याने सगळा ठेवा गुपचूप ग्रीसला नेला. सरकारने अथेन्सच्या न्यायालयात दावा लावला. त्याला १०,००० फ्रँक भरपाई द्यावी लागणार होती. त्याने ५०,००० फ्रँक दिले आणि प्रकरण मिटविले. १८८१ मध्ये त्याने तो ठेवा जर्मन जनतेस अर्पण केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, सोव्हिएत सैन्याने तो बर्लिनहून नेला. पुढे जवळजवळ अर्धशतक त्याचा पत्ता जगास नव्हता. १९९६ मध्ये मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात तो लोकांस पाहावयास मिळाला.

१८७६ मध्ये श्लीमान ग्रीसमधील मायसीनी येथे गेला. दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनिअस याने अ‍ॅगमेम्नॉनची कबर तटाच्या आत असल्याचे लिहिले होते. इतर पंडित हा तट शहराचा समजत. श्लीमानने तो बालेकिल्ल्याचा मानला आणि सिंहद्वाराच्या आत खणले. तेथे खोल थडगी निघाली. त्यांत मृतांच्या मुखांवर सोन्याचे मुखवटे होते. जागेबद्दलचा त्याचा तर्क विलक्षण अचूक ठरला, काळाबद्दलचा मात्र चुकला. अ‍ॅगमेम्नॉनचा म्हणून प्रसिद्ध असलेला मुखवटा ट्रॉयच्या युद्धाच्या मानलेल्या काळाहून तीनशेहून अधिक वर्षांनी जुना आहे.

ट्रॉयविषयीही शंकेचे बीज कॅल्व्हर्टने पूर्वीच पेरले होते. खालच्या आणि वरच्या वस्तीच्या मधल्या हजारएक वर्षांचा पुरावा कोठे दिसत नाही, असे त्याने १८७३ मध्येच छापून प्रसिद्ध केले. श्लीमान त्याच्यावर रुष्ट झाला. पण शंका त्यालाही सोडीना. १८८२ पासून त्याने व्हिल्हेल्म ड्योर्पफेल्ड या तरुण वास्तुविशारदास सोबत घेतले. हा मनुष्य भिंतीचा दगड न दगड मोजून नकाशावर उतरवी.

१८९० मध्ये दोघे पुन्हा हिसारलिकला आले. श्लीमानने प्रायमचा मानलेल्या तटाच्या बाहेर, पुष्कळ वरच्या थरात, त्यांना एक मोठी इमारत लागली. तिच्यात काही खापरे होती. सोन्याचा कण नव्हता. रिकिबीच्या आकाराची मूठ असलेल्या बुधल्यांचे ते तुकडे श्लीमानला परके नव्हते. मायसीनी आणि टिरिन्स येथे त्याने स्वतः तशी भांडी पाहिली होती. सोने वितळवून पुन्हा घडविता येते, पिढ्यान्‌पिढ्या जपता येते. मातीचे भांडे फुटले की तेथेच पडते, आणि घडणीची तऱ्हाही बदलत जाते. म्हणून काळ सांगण्यात खापर सोन्याहून विश्वासू. अ‍ॅगमेम्नॉनच्या लोकांची भांडी ज्या थरात, त्याच थराच्या आसपास प्रायमची नगरी असावयास हवी. मग खालचा जळका थर आणि त्यातील खजिना त्याहून कितीतरी प्राचीन ठरत होता. आज तो सुमारे एक हजार वर्षांनी जुना मानतात.

पुढच्या वर्षी पुन्हा खणून याचा निकाल लावावयाचा, असे त्याने ठरविले. परंतु कानाच्या दुखण्याने तो बेजार होता. नोव्हेंबरात हाले येथे शस्त्रक्रिया झाली. पुरते बरे होण्यापूर्वीच तो प्रवासास निघाला आणि २६ डिसेंबर १८९० रोजी नेपल्स येथे मरण पावला. अथेन्समध्ये त्याची समाधी आहे.

१८९३ व १८९४ या वर्षी ड्योर्पफेल्डने काम पुढे चालविले आणि एकावर एक अशा नऊ वस्त्या निश्चित केल्या. त्यांतील सहाव्या वस्तीचा सुरेख घडीव दगडी तट त्याला टेकाडाच्या कडेने सापडला. मध्यभागी मात्र राजवाड्याचा मागमूस नव्हता. ग्रीक-रोमन लोकांनी अथेना देवीच्या मंदिरासाठी माथा सपाट करताना तेथील बराच भाग पूर्वीच काढला होता. त्यातून जे उरले असेल, त्यातले पुष्कळसे श्लीमानच्या मजुरांनी टोपल्यांतून नेऊन टेकाडाच्या उतारावर ओतले होते.