आईच्या दारातला पाहुणा

बँकेत होतो तेव्हा परदेशातून येणारे ड्राफ्ट माझ्या टेबलावरून जात. आकडा दिसे, सही दिसे. पाठवणारा माणूस कधी दिसला नाही. तो मला पुढे भेटला, लुई ॲडॅमिकच्या पुस्तकांत.

स्लोव्हेनिया हा आल्प्सच्या कुशीतला चिमुकला प्रांत, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातला. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी १८९८ साली हा मुलगा जन्मला. जमीन थोडी, खाणारी तोंडे फार. गावोगावचे तरुण अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणींत आणि पोलादाच्या भट्ट्यांवर जात. क्लीव्हलंड शहरात तर त्यांची मोठी वस्तीच झाली. काही जण सोन्याची साखळी मिरवत परतत, काही खोकत.

राजकीय चळवळीपायी ल्युब्लियानातली शाळा सुटली आणि १९१३च्या अखेरीस, पंधराव्या वर्षी, तो न्यूयॉर्कला उतरला. स्लोव्हेनी वृत्तपत्राच्या कचेरीत पडेल ते काम, मग अमेरिकी सैन्य, मग कॅलिफोर्नियातल्या सान पेद्रो बंदरावर कारकुनी. नोकरी सांभाळून लिहिणे काय असते ते मी जाणतो. त्याने तर ते परक्या इंग्रजीत केले.

१९३२ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. पत्नी स्टेलाला घेऊन तो एकोणीस वर्षांनी गावी गेला. घर तेच, आई तीच. पण तिच्या दारात तो आता पाहुणा होता. त्या प्रवासावरचे 'द नेटिव्हज रिटर्न' १९३४ साली अमेरिकेत अतोनात खपले. त्यात राजाच्या हुकूमशाहीवर टीका होती, म्हणून युगोस्लाव्हियात त्यावर बंदी आली.

पुढे तो अमेरिकाभर व्याख्याने देत हिंडला. खाणकामगारांची मुले आईबापांच्या उच्चारांची, स्वतःच्या आडनावाचीही लाज बाळगतात, हे त्याला सलले. इंग्रज यात्रेकरू उतरले त्या प्लिमथच्या खडकाइतकाच एलिस बेटाचा धक्काही या देशाच्या इतिहासात मोलाचा आहे, हे तो हयातभर सांगत राहिला. त्यासाठी १९४०मध्ये 'कॉमन ग्राउंड' हे नियतकालिकही त्याने संपादित केले.

दुसऱ्या महायुद्धात त्याने टिटोची बाजू घेतली. त्यातून शत्रू वाढले. ४ सप्टेंबर १९५१ रोजी न्यू जर्सीतल्या त्याच्या शेतघराला आग लागली आणि आत गोळी लागलेला त्याचा देह सापडला. आत्महत्या अशी नोंद झाली. खुनाचा संशय मात्र कधी पुरता गेला नाही.

त्याच न्यू जर्सीत माझी नात वाढते आहे. फोनवर आजीशी मराठी बोलायला ती लाजते. परवा तिला ही गोष्ट सांगितली. तो परत गेला तेव्हा आईशी कोणत्या भाषेत बोलला, एवढेच तिने विचारले.