ताराबाई मोडक: शाळा अंगणात नेणाऱ्या बाई



आमची लेक यंदा तीन वर्षांची झाली आणि शारजातल्या आमच्या फ्लॅटमध्ये नर्सरीचा विषय सुरू झाला. आम्ही दोघंही आयटीवाले, त्यामुळे फीची एक्सेल शीट लगेच तयार! पाच वर्षांपर्यंत मेंदूची सुमारे ९० टक्के वाढ झालेली असते हे वाचून तर धास्तीच घेतली. इथे आमची लेक दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींकडे, आणि खरं सांगायचं तर बराच वेळ टॅबकडे. महागडं 'ब्रेन किट' मागवायच्या बेतात होतो, तेवढ्यात आईने फोनवर ताराबाई मोडकांचं नाव काढलं. शाळेत नाव ऐकलं होतं, बस्स. मग वाचायला बसलो.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. माहेर केळकरांचं, प्रार्थना समाजाच्या सुधारक वळणाचं. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. अमरावतीच्या वकिलांशी लग्न झालं, पण ते टिकलं नाही. त्या काळात लहान मुलीला घेऊन वेगळं होणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. मानाची नोकरी. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करायला गेल्या! तिथे माँटेसरी पद्धत चालायची. मूल स्वतः हाताने करून शिकतं, मोठ्यांनी त्याच्यावर बसायचं नाही, ही त्यातली मूळ गोष्ट. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे मुंबईत दादरला ताराबाईंनी शिशुविहार उभा केला.

इथवर सगळं शहरातल्या, आपल्यासारख्या घरांसाठीच होतं. ताराबाईंना ते खुपत असावं असं आम्हाला वाटतं, कारण १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या. सोबतीला अनुताई वाघ. बालविधवा, पेशाने शिक्षिका. या दोघींची जोडी ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकली.

बालवाडी सुरू केली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. आईबाप मजुरीवर, पोरं धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी. मग ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. हीच ती अंगणवाडी! मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरीची परदेशी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांवरच मोजणं, रंग आणि लहान-मोठं शिकवलं. इंजिनिअर म्हणून आम्हाला हा भाग फार आवडला. साधन बदललं, तत्त्व तेच ठेवलं.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली, तिचं नाव विकासवाडी. धाकटं भावंड पाळणाघरात राहिलं की थोरली बहीण वर्गात बसू शकते, इतका साधा हिशोब. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा थेट कुरणात भरवली.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं. कोसबादचं, म्हणजे कोसबाडचं काम पुढे अनुताईंनी सांभाळलं.

आमच्या फ्लॅटला अंगण नाही, आणि जुलैत खाली उतरायचीही सोय नाही. किट मात्र मागवलं नाही. स्वयंपाकघरातला खालचा कप्पा लेकीला दिला आहे: वाट्या, चमचे, डबे आणि त्यांची झाकणं. कुठल्या डब्याला कुठलं झाकण बसतं ते ती शोधत बसते. मावशींनाही सांगितलंय की तिच्या हातातलं झाकण काढून स्वतः लावू नका. मावशी हसतात, पण ऐकतात. टॅब अजून पूर्ण सुटलेला नाही.