गणितानंद कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी त्यांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते व त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. त्यांच्याकडूनच मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यास माध्यमिक शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ साली त्यांनी रँग्लर परांजपे गणित पारितोषिक पटकाविले. पदवी मिळताच नाशिकजवळील देवळालीच्या शाळेत त्यांनी शिक्षकाची नोकरी पत्करली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच अध्यापन केले.

कापरेकर संख्यांकडे हिशेबाचे साधन म्हणून पाहत नसत. माणसांप्रमाणे संख्यांनाही स्वभाव असतो, अशा कुतूहलाने ते त्यांचे गुण पारखीत. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. याप्रमाणे नऊ एकांच्या संख्येचा वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी प्रचंड संख्या मिळते. ती डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच! दहा एकांचा वर्ग करू जाता मात्र हातचा येऊन ही शिस्त मोडते. या संख्यांची कल्पना ज्या रेल्वे स्थानकावर सुचली, त्यावरून कापरेकरांनी त्यांना 'डेमलो संख्या' म्हटले. डेमलो म्हणजेच आजचे डोंबिवली.

अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येस त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. वरील सतरा अंकांची बेरीज ८१ होते. आणि त्या संख्येस ८१ ने भागले असता १५२४१५७८९९७१०४१ हा भागाकार येऊन बाकी काहीच उरत नाही. एवढी अवाढव्य संख्या, पण तीही हर्षदच!

अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटे. ते त्यांना हसत. कापरेकर मात्र खचले नाहीत. ते परिषदांना जात व आपले शोध स्वखर्चाने पुस्तिकांच्या रूपाने छापीत. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण मांडला. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून उतारवयात शिकवण्या करून त्यांनी चरितार्थ चालविला. परंतु संख्यांचा छंद सोडला नाही. पुढे १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांचा शोध पडताळण्यास कागद व पेन्सिल पुरे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ३०८७, ८३५२ व ६१७४ अशी उत्तरे येतात. कोणत्याही संख्येने आरंभ केला, तरी फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच कायम राहते. या संख्येस आज जग 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखते.