सर जमशेटजी जीजीभाई आणि त्यांचे गणगोत



आपल्या घरात कोणाचा आजार हाताबाहेर गेला, सोलापूरच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितले, की पहिले नाव निघते ते जे. जे. हॉस्पिटलचे. कुंभारीतून तिकडे जाऊन आलेले लोक आपल्या धर्मग्रामातही असतील. मुलाचा हात चित्रकलेत चांगला असला की शाळेतले सर त्याला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे स्वप्न दाखवतात. पण हे जे. जे. म्हणजे कोण, असे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. जे. जे. म्हणजे सर जमशेटजी जीजीभाई. आज त्यांची आणि त्यांच्या गणगोताची ओळख करून घेऊ या.

पोरका मुलगा आणि बाटलीवाला मामा

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव मेरवानजी, आईचे जीवीबाई. बालपण गुजरातेत नवसारीला गेले. वडील कापड विणण्याच्या धंद्यात होते. आपल्या सोलापुरात मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्यांना अशा घराची कल्पना सहज येईल: हाताला काम असते, पण गाठीला पैसा नसतो. मुलगा सोळा वर्षांचा होईपर्यंत आई आणि वडील दोघेही वारले. शिक्षण बेताचेच झाले होते. थोडे गुजराती लिहिणे-वाचणे आणि हिशेब, एवढीच शिदोरी होती.

अशा वेळी आपल्याकडे काय होते? मामा पुढे येतो. इथेही तेच झाले. मुंबईत आईचे भाऊ फ्रामजी नसरवानजी राहत होते. ते रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करीत, म्हणून लोक त्यांना बाटलीवाला म्हणत. भाचा त्यांच्या आधाराला आला, त्यांच्याबरोबर बाटल्या विकू लागला, आणि काही काळ त्यालाही बाटलीवाला हेच नाव चिकटले. मूळ नाव जमशेद होते. गुजराती व्यापाऱ्यांत मिसळून राहायचे म्हणून त्याने ते जमशेटजी असे करून घेतले.

१८०३ साली मामांनी आपली मुलगी आवाबाई हिचे लग्न या भाच्याशी लावून दिले. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलगी अगदी बालवयाची होती. मामा सासरा झाला, भाचा जावई झाला. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानण्याची चाल आपल्या सोलापूर-अक्कलकोट पट्ट्यातही जुनी आहे, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटणार नाही. आपल्या चर्चमध्ये मात्र सख्ख्या मामे-आत्ये भावंडांचा विवाह महागुरुस्वामींच्या खास परवानगीशिवाय होत नाही. अशा जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळे मुलांना काही आनुवंशिक आजार होण्याचा धोका वाढतो, असे आज डॉक्टरही सांगतात.

व्यापारी घरे एकमेकांत लग्ने का करीत?

जातीचा अभिमान एवढेच त्याचे कारण नव्हते. तेव्हाचा व्यापार कसा चाले ते पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. मुंबईत बँक ऑफ बॉम्बे निघाली ती १८४० साली. त्याआधी भांडवल मिळे ते ओळखीवर आणि हुंडीवर. पावसाळ्याचे नैऋत्येचे वारे धरून गलबत चीनला निघाले, की हिवाळ्यातले उलटे वारे सुरू झाल्यावर परत फिरायचे. मधल्या काही महिन्यांत माल बुडाला, लुटला गेला की चढ्या भावाने विकला, हे मुंबईत कोणाला कळायचे नाही. अशा वेळी गलबतावर आपला माल घेऊन जाणारा माणूस कोण आहे, यावरच सारे अवलंबून असे. तो भाचा असेल, जावई असेल तर पैसा घरातच राहणार, आणि बुडाला तरी भांडण घरातच मिटणार. लग्न म्हणजे एक प्रकारची जामीनकीच होती.

मुंबईच्या पारशी समाजात ही रीत पुष्कळ घरांत दिसते. जमशेटजी टाटांचे वडील नसरवानजी टाटा होते, तर आई जीवनबाई याही माहेरच्या टाटाच होत्या. जीवनबाईंचे भाऊ दादाभाई, त्यांचे पुत्र रतनजी दादाभाई टाटा. हे मामेभाऊ जमशेटजी टाटांच्या पेढीत भागीदार झाले, आणि याच रतनजींचे पुत्र म्हणजे आपले जे. आर. डी. टाटा. नात्याचा धागा सोडवला नाही, तर पेढीचा इतिहास कळतच नाही.

हे फक्त आपल्याच देशात घडत होते असेही नाही. त्याच काळात अमेरिकेतील बोस्टन शहरातूनही चीनला गलबते जात. तिथे थॉमस पर्किन्स नावाचे मोठे व्यापारी होते. त्यांच्या बहिणीचे लग्न फोर्ब्स घराण्यात झाले होते. या बहिणीचे तीन मुलगे वयात येताच मामाच्या धंद्यासाठी चीनच्या कँटन बंदरात गेले. मामा-भाच्याची ही जोडी बोस्टनमध्येही होती आणि मुंबईतही होती. दोघांची गलबते एकाच बंदराला लागत होती.

पाच सफरी

जमशेटजी पहिल्यांदा चीनला निघाले ते १७९९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी. पुढच्या काही वर्षांत त्यांनी चीनच्या एकूण पाच सफरी केल्या. दुसऱ्या सफरीहून परतताना ते ईस्ट इंडिया कंपनीच्या ताफ्याबरोबर होते. फेब्रुवारी १८०४ मध्ये या ताफ्याची फ्रेंच आरमाराशी गाठ पडली आणि फ्रेंचांना माघार घ्यावी लागली. चौथ्या वेळी मात्र नशीब फिरले. १८०५ साली ब्रन्सविक नावाचे त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले आणि सर्वांना कैद करून आफ्रिकेच्या टोकाला केप ऑफ गुड होपला नेले. माल गेला. परदेशात हाती काही नसताना बरेच दिवस काढावे लागले. शेवटी एका डॅनिश जहाजात कशीबशी जागा मिळाली आणि ते कलकत्त्याला पोहोचले. घरी बालपत्नी, मामा आणि सारे नातेवाईक वाट पाहत होते.

त्याच ब्रन्सविक जहाजावर विल्यम जार्डीन नावाचा एक तरुण स्कॉटिश डॉक्टर होता. कैदेच्या संकटात दोघांची ओळख झाली. पुढे जार्डीनने डॉक्टरकी सोडून व्यापार धरला आणि १८३२ साली कँटनमध्ये जार्डीन-मॅथेसन ही पेढी निघाली. मुंबईतून तिला सर्वांत जास्त माल पुरवणारे व्यापारी जमशेटजीच होते. रक्ताच्या नात्याइतकेच हे संकटातले नाते पक्के ठरले.

मुंबईत जमशेटजींनी आणखी तीन जणांशी भागीदारी केली. मोतीचंद अमीचंद हे जैन होते. भायखळ्याचे मोतीशा जैन मंदिर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान होते. आणि चौथे रोजेरियो द फारिया हे गोव्याच्या वंशाचे कॅथलिक ख्रिस्ती होते. पारशी, जैन, मुसलमान आणि ख्रिस्ती असे चौघे एका धंद्यात होते. यांच्यात सोयरीक होणे शक्यच नव्हते. तिथे लग्नाची जागा शब्दाने घेतली. लग्नाने बांधलेले घर आणि शब्दाने बांधलेले मित्र, अशा दोन खांबांवर ही पेढी उभी राहिली. १८३६ पर्यंत तिचा पसारा इतका वाढला, की तिघे मुलगे खरशेदजी, रुस्तमजी, सोराबजी आणि इतर नातेवाईक सारे तिथे कामाला लागले होते.

पेटीत काय होते?

आता एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती टाळली तर हे चरित्र अर्धेच राहील. मुंबईहून चीनला कापूस जात होता हे खरे, पण त्याबरोबर अफूही जात होती. माळव्यात पिकलेली अफू दमणमार्गे आणि पुढे मुंबईमार्गे चीनला जाई, आणि तिकडून चहा, रेशीम व चांदी येई. दमणमार्गे होणाऱ्या या व्यापारात आपल्या धर्माचे रोजेरियो द फारिया यांचा मोठा हात होता, हेही प्रांजळपणे मान्य करायला हवे. बोस्टनचे पर्किन्स आणि फोर्ब्स हेही याच व्यापारात होते. ते तुर्कस्तानची अफू नेत.

हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या कायद्याने हा धंदा चोख होता. सरकारला त्यातून मोठे उत्पन्न मिळत होते. पण चीनमध्ये अफूला बंदी होती, आणि माल किनाऱ्यावर चोरून उतरवला जाई. व्यसनाने तिथली घरेच्या घरे बसली. १८३९ साली लिन झेश्यू या चिनी अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यात मुंबईकरांचाही माल होता. त्यातून इंग्लंड आणि चीन यांचे युद्ध झाले. १८४२ साली चीन हरला आणि त्याला हाँगकाँग द्यावे लागले. त्याच १८४२ साली जमशेटजींना सर ही पदवी मिळाली. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, मुंबईत त्यांच्या हॉस्पिटलचा पाया घातला गेला.

या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की मन अस्वस्थ होते. ज्या पैशाने एका देशात माणसे आजारी पाडली, त्याच पैशाने दुसऱ्या देशात माणसे बरी केली का? याचे सोपे उत्तर नाही. मात्र दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक सांगून दुसरी लपवणे बरे नाही.

दिलेला हात

जमशेटजी द्यायला लागले ते म्हातारपणी पुण्य जोडायचे म्हणून नव्हे. १८२२ सालीच त्यांनी मुंबईच्या तुरुंगात कर्जापायी अडकलेल्या गरिबांची देणी स्वतः भरून त्यांना सोडवले होते. पोरकेपण आणि कैद दोन्ही सोसलेल्या माणसाला त्या लोकांचे दुःख कळले असावे. जे. जे. हॉस्पिटल १८४५ साली सुरू झाले. तिथे कोणत्याही जातीधर्माच्या गरिबाला उपचार मिळू लागले, आणि शेजारच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आपल्या मुलांना डॉक्टरकीचे शिक्षण मिळू लागले. १८४९ मध्ये पारशी मुलामुलींसाठी शिक्षणसंस्था निघाली. पुण्यात मुळा-मुठेच्या बंधाऱ्याला त्यांनी मोठी मदत केली. बंड गार्डनला आपण जातो, त्या बागेचे नाव या बंधाऱ्यावरूनच पडले आहे. १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. नाना शंकरशेट यांच्याबरोबर त्यांनी मुंबईत रेल्वे यावी म्हणूनही खटपट केली. तीच लोहमार्गाची वाट पुढे १८६० साली आपल्या सोलापूरला येऊन पोहोचली.

यात आवाबाईंचा वाटा वेगळा सांगितला पाहिजे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती. लोक होडीने जात आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसे बुडत. या बाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये देऊन तिथे रस्ता बांधवून घेतला. तो १८४५ साली खुला झाला. जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही, ही त्यांची अट होती. वांद्र्याच्या ख्रिस्ती लोकांत अशी कथा सांगतात, की आपले आजारी मूल बरे व्हावे म्हणून आवाबाईंनी मोतमाउलीला नवस केला होता आणि तो फेडण्यासाठी हा रस्ता बांधला. कथा खरी असो वा नसो, डोंगरावरच्या मोतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्या लाखो भाविकांची वाट एका पारशी आईने सोपी केली, एवढे मात्र नक्की. बाटलीवाल्या मामाची ती बालवधू मुंबईच्या नकाशावर लेडी जमशेटजी रोड या नावाने राहिली आहे.

एकच नाव, पिढ्यान्‌पिढ्या

१८५७ साली जमशेटजींना बॅरोनेट ही वंशपरंपरेने चालणारी पदवी मिळाली. हिंदी माणसाला मिळालेली ती पहिलीच. एप्रिल १८५९ मध्ये ते वारले. आवाबाई त्यांच्यामागे अकरा वर्षे जगल्या. पुढे सरकारने खास कायदाच केला, की जो वारस गादीवर येईल त्याने आपले नाव बाजूला ठेवून सर जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यायचे. त्यामुळे थोरले खरशेदजी जमशेटजी झाले. त्यांच्यानंतर त्यांचे मुलगे माणेकजी आणि मग कावसजी हेही जमशेटजीच झाले, आणि कावसजींचे रुस्तमजीही जमशेटजी झाले. वंशावळ लिहिणाऱ्याची यात मोठी फजिती होते. जुन्या कागदात सर जमशेटजी असे दिसले, की आधी साल पाहावे लागते, मगच माणूस कळतो.

कायद्याने पुरुषांची नावे अशी जपून ठेवली. पण ही पेढी ज्यांच्यामुळे जुळली त्या जीवीबाई आणि आवाबाई होत्या. आईच्या माहेरामुळे मुलाला मामा मिळाला, आणि मामाच्या मुलीमुळे घर उभे राहिले. आपल्या घरांचेही तसेच आहे. आजोबांचे आणि पणजोबांचे नाव आपण सांगतो. पणजीचे माहेर कोणते हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

म्हणून या रविवारी मिस्साबलिदानानंतर घरी गेल्यावर एक छोटेसे काम करू या. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ वही घेऊन बसू या. आजीचे माहेर, मामांची नावे, कोण कोणाच्या आधाराने या गावात आले, कोणी कोणते काम केले, हे विचारून लिहून ठेवू या. नावे अडली तर स्नानसंस्काराच्या आणि विवाहाच्या नोंदी आहेतच. त्यात अभिमानाच्या गोष्टी निघतील, तशा न सांगाव्याशा वाटणाऱ्याही निघतील. दोन्ही लिहाव्यात. आपल्या मुलांना आपली माणसे जशी होती तशी कळलेली बरी.