ज्युलियस रोझेनवाल्ड : स्वतःचाच निधी संपवून टाकणारा दाता

शिकागोच्या पश्चिमेस नेपरव्हिल हे गाव आहे. तेथे अनेक भारतीय कुटुंबे स्थायिक झाली आहेत. मुलांना घेऊन शिकागोचे विज्ञान व उद्योग संग्रहालय पाहावयास जाणाऱ्यांस ते कोणाच्या पैशाने उभे राहिले हे क्वचितच ठाऊक असते. प्रारंभी 30 लाख डॉलर देणारा हा यहुदी व्यापारी संग्रहालयास आपले नाव नको म्हणाला. (आमच्याकडे पुष्कळदा संगमरवरी पाटी आधी व इमारत मागाहून!) त्याची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

ज्युलियस रोझेनवाल्ड यांचा जन्म 12 ऑगस्ट 1862 रोजी इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झाला. वडील जर्मनीहून आलेले, कपड्यांचे दुकानदार. ज्युलियस शाळा अर्धवट सोडून त्याच धंद्यात शिरले. 1895 साली ते टपालाने घरोघर माल पाठविणाऱ्या सीअर्स, रोबक या पेढीत भागीदार झाले आणि पुढे तिचे अध्यक्ष. पैसा अमाप आला. रब्बी एमिल हर्श यांच्या शिकवणुकीने तो योग्य मार्गी लागला.

1912 साली पन्नासाव्या वाढदिवशी त्यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कगी संस्थेस 25,000 डॉलर दिले. त्यातील शिल्लक रकमेतून वॉशिंग्टन यांनी खेड्यांतील कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा शाळा बांधल्या. त्या पाहून 1917 साली रोझेनवाल्ड व त्यांच्या कुटुंबाने निधी स्थापन केला. 1932 पर्यंत दक्षिणेकडील 15 राज्यांत सुमारे 5,000 शाळा झाल्या.

पण निधी सगळा खर्च देत नसे. सरकारने व गावकऱ्यांनीही वाटा उचलावा अशी अट होती. निधीने सुमारे 43 लाख डॉलर दिले, तर गरीब कृष्णवर्णीयांनी सुमारे 47 लाख जमविले! कर भरूनही त्यांना शाळेसाठी पुन्हा पैसे द्यावे लागले, हा अन्यायच होता असे आम्हांस वाटते. तरीपण शाळा त्यांची स्वतःची झाली, हेही खरे.

कायमस्वरूपी निधी रोझेनवाल्ड यांना मान्य नव्हते. मृताने पुढील पिढ्यांचे हात बांधू नयेत, असे त्यांचे मत होते. आपल्या मृत्यूनंतर 25 वर्षांच्या आत व्याजासह मुद्दलही खर्च व्हावे, अशी अट त्यांनी 1928 साली घातली. 6 जानेवारी 1932 रोजी ते वारले.

विश्वस्तांनी कलावंत, लेखक व संशोधक यांना शिष्यवृत्त्या दिल्या. गायिका मारियन अँडरसन त्यांपैकीच. केनेथ व मेमी क्लार्क या दांपत्यासही ती मिळाली होती. 1948 साली निधी मुदतीआधीच बंद झाला. पुढे 1954 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविल्या, तेव्हा निकालपत्रात क्लार्क यांच्या संशोधनाचा आधार घेतला होता.